लव्हिनियाच्या पायपेटीवरचा कर

हॅरोगेट, इंडियाना
एप्रिल १९३५

प्रिय वेंडेल यास,

ओरिनचा सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा आता वाकत असेल, गायही व्याली असेल. इकडे मी जिवंत आहे, यापलीकडे कळवण्याजोगं काही नाही. तुझी बहीण लव्हिनिया रुसून तुझ्याकडे येऊन बसली आहे, आणि ती परत येते की नाही या काळजीने मला घास गिळवत नाही. (घासही गिळण्याजोगा नसतो. बटाटे मीच उकडतो.)

तिची बाजू तू ऐकलीच असशील, आता माझीही ऐक. वसंतात घरोघरी फिरून सामानावर कर बसवायचा, हे माझं काम. मी कोपऱ्यावर दिसलो की गावातले पियानो गायब होतात. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग उरतो आणि बायका "इथे कपाट होतं हो" म्हणून शपथेवर सांगतात. ते चालायचंच. पण यंदा गिरणीवाले प्रूएटसाहेब हसत दारात आले. "ये ओरिन, ये. लिही, माझी सगळी दौलत घरकर्ज बँकेच्या रोख्यांत आहे." आणि त्या रोख्यांना सरकारने कर माफ केलाय! (बँकेलाही माफ. कर काय तो तिच्या जागेला आणि इमारतीला, आणि ती इमारत बसलीय दूर शहरात.) का, तर त्या पैशातून गरिबांना घरं मिळावीत. मिळतातही, नाही म्हणत नाही. लोकांचे कपडे धुणाऱ्या ओपलबाईने तसल्याच कर्जावर घर घेतलं, आणि मी तिच्या शिवणयंत्राला कर लावून आलो. "प्रूएटसाहेबांचं एवढं सोडलंस, अन् माझं मशीन बरं दिसलं रे तुला!" म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निदान घरच्यांना झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून घरी आल्या आल्या लव्हिनियाची पायपेटी यादीत लिहिली. पुढचं तुला ठाऊक आहे.

मी कायद्याने वागलो, एवढंच तिला सांग.

तुझा मेहुणा,
ओरिन

ता. क. : कायदा गेला खड्ड्यात. पेटी खोडली. उद्या वरचे साहेब तपासणीला येतायत, म्हणून ती पेटी आमच्या जुन्या तबेल्यात लपवायच्या खटपटीत आहे.

आणखी एक ता. क. : तबेल्याची किल्ली लव्हिनियाने नेलीय, म्हणून कुलूप फोडलं. आत गावातले पाच पियानो उभे आहेत, आमच्याच गोधड्या पांघरून! (घोडा गेल्यापासून मी तिकडे फिरकलो नव्हतो. करवाल्याच्या तबेल्यात शोधणार कोण?) ती एवढी का चिडली ते आत्ता कळलं. गावभराचे पियानो तिने वाचवले, आणि मी नेमकी तिचीच पेटी धरली. मी कुणाला काही बोलणार नाही. पण तबेल्यात आता पेटीला जागाच नाही रे. कुठे ठेवू ते तिला विचार, आणि पत्राने कळवू नको म्हणावं, येऊन सांग.