देशादेशांची सोयरीक

आप्पा, काल जमलं. दोन देशांत वाहणाऱ्या एका नदीच्या पाण्याचा करार झाला, आणि आपल्या बाजूनं बोलणी करणाऱ्यांत तुमची लेक होती. पलीकडचे गृहस्थ कितीदा तरी उठून गेले, कितीदा तरी मी त्यांना परत बसवलं. जिंकले मी, आप्पा! आणि तेही हरले नाहीत, हे त्याहून अवघड होतं. सह्या झाल्यावर सगळे हात मिळवत होते आणि मला आपलं लातूरचं भांड्यांचं दुकान आठवत होतं.

जिल्हा नुकताच झालेला, त्यात दुष्काळ. गिऱ्हाईक येतंय ते फक्त घागरी न्यायला. मी बी.ए. होऊन घरी बसलेय आणि गल्ल्यावरून काका म्हणतायत, "नव्या कलेक्टर हापिसात भरती निघालीय. पोरीला चिटकवा तिथं." मी हट्टाला पेटलेली, मला आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. करायचंय. काकांनी त्यातला एकच शब्द धरला. "संबंध? परदेशात सोयरीक करता का काय पोरीची? आपल्यात पोरं न्हाईत?" सगळं दुकान हसलं, माझे डोळे भरले. तुम्ही हातातली घागर पुसत म्हणालात, "सोयरीक तर सोयरीक. मंग आदी घर बघून येऊ."

आणि खरंच निघालात की! हैदराबाद आणि दिल्ली, दोन्हीकडं मला प्रवेश मिळत होता. धोतर-टोपी घालून, दशम्यांचं गाठोडं घेऊन तुम्ही दोन्ही विद्यापीठं स्थळं बघावीत तशी बघितलीत. वसतिगृहाच्या अंगणात शिरलं की पहिला नळ सोडायचा. त्या दिवसांत आपल्याकडं लेक देताना गावाला पाणी आहे का, हेच आधी बघायचे. हैदराबादचा नळ धो धो आला, तुम्ही खूश. "हितंच ऱ्हा. गाव जवळ, बोली बी वळखीची." दिल्लीत नळ कोरडा ठणठणीत. संपलं सगळं, असं वाटलं मला. ज्यांच्या हाताखाली शिकायचं मनात होतं, त्या सरांकडं मी तुम्हाला जवळजवळ ओढतच नेलं. तुम्ही उभ्या उभ्या विचारलंत, "साब, दो गाँव की एकीच नद्दी रही तो पानी पहले किसका? ये सिखाते क्या?" सर मोठ्यानं हसले. म्हणाले, "यही सिखाते हैं. पक्का जवाब हमें भी नहीं मिला." मग चहा मागवून तासभर तुमच्याशी बोलत बसले. बाहेर आल्यावर तुम्ही टोपी नीट केलीत. "नळाला न्हाई, पर मास्तरात पानी हाय. हितंच ऱ्हा. काकाला मी बघतो."

तुम्हाला जाऊन कित्येक वर्षं झाली, हे पत्र कुठं टाकायचं नाही हे मला कळतं. कालपासून सगळे अभिनंदन करतायत आणि मी मोठ्या शहाणपणानं म्हणतेय, सगळ्यांचं काम होतं, माझं एकटीचं काय. खरं सांगू? मला पोटभर मिरवायचंय, आप्पा, आणि तुमच्याशिवाय ते कुणासमोर करायला लाज वाटते.