परत आलेलं ताट

प्रिय वेनान्सिओ पोरा,

हे पत्र तुझ्या मावसबहिणीच्या पत्त्यावर पाठवते आहे. फोनवर मला धड बोलता येत नाही. फोन कानाला लावला की माझ्या तोंडून पहिल्यांदा ‘जेवलास का?’ एवढंच निघतं, आणि नेमकं तेच मला तुला विचारायचं नाहीये. तू तिकडून ‘हो माय’ म्हणतोस, आणि फोन संपतो. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं. चार दिवस झाले लिहिते आहे. मी अक्षरं शिकले ती प्रार्थनेच्या गाण्यांच्या वहीवर बोट ठेवून. गाणी पाठ होती म्हणून शब्द ओळखू आले. गाण्यात नसलेला शब्द आला की माझी लेखणी अडते, तेव्हा चुका पोटात घाल.

घरची खुशाली सांगते. तपकिरी गाय व्यायली, कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका आहे. कॉफी यंदा बरी आली. तुझ्या खोलीमागच्या अवोकाडोला इतकी फळं लागली की फांदीला टेकू द्यावा लागला. तुझी खुर्ची अजून चुलीपाशीच आहे. मांजर तिच्यावर बसतं, मी त्याला उठवते, ते परत बसतं. हल्ली बसू देते. कुणीतरी बसलेलं बरं वाटतं. तिकडे पावाच्या भट्टीवर तुला फार उकडतं का रे? भट्टीवाल्यांच्या भुवया जळतात म्हणे. तुझ्या मुळातच विरळ, जपून राहा.

संध्याकाळी मी नदीवर जाते, तेव्हा तुझी आठवण सगळ्यात जास्त येते. ओतोलाका अजून वाहते आहे. नदी नळात घालायला निघालेल्या त्या कंपनीची माणसं मधूनमधून कागद घेऊन येतात, अन्सेल्मोची बायको तोमासा त्यांना बसायला दगडसुद्धा दाखवत नाही. नदीसाठी भांडणाऱ्या अन्सेल्मोला मोटरसायकलवरून येऊन मारणाऱ्यांना अजून कुणी धरलेलं नाही. तो जिथे पडला त्या उतारावर तिने केळी लावली. घड धरलाय.

अन्सेल्मोला पुरलं त्या दिवसाचं मला रोज आठवतं. पाद्रीबाबा तीन महिन्यांतून एकदा येणार, म्हणजे मातीपाशी देवाचं वचन वाचायला तूच. जिवाभावाचा दोस्त तो तुझा, पोरपणी दोघं मिळून माझे पेरू चोरायचात, आणि तू एक शब्द न अडखळता सगळं वाचलंस. लोक म्हणाले, बघा, खांब आहे खांब. मलाही अभिमान वाटला. आता वाटतं, खांबाला कुणी विचारतं का की बाबा, तुझे पाय दुखतात का? दुसऱ्या दिवसापासून दारात रांग. याला वकिलाकडे न्यायचंय, तिला धमकीची चिठ्ठी आलीय, रेडिओवाल्याला मुलाखत हवीय, याच्या मुलीला देवाने का मारलं ते सांगायचंय. तू सगळ्यांना ‘हो, येतो’ म्हणायचास. तुझं कोण ऐकत होतं? मी तर भांडी घासत होते.

मग राखेचा बुधवार आला, कपाळाला राख लावून उपासाचे चाळीस दिवस सुरू झाले. गुरुवारी सकाळी मी तुला घेवड्याचं कालवण, ताजं चीज आणि गरम रोट्या वाढल्या. दुपारी ताट तसंच. कालवणावर साय धरल्यासारखी कातडी आलेली. शुक्रवारीही तसंच. तू भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी म्हटलं, ‘दोन घास तरी.’ तू म्हणालास, ‘माय, घशाखाली उतरतच नाही.’ तेवढं बोलायलाही तुला कष्ट पडत होते. मी ताट घेऊन बाहेर आले तर अंगणात शेजारची चोना उभी. तिचं नाक ठाऊकच आहे तुला, आपल्या घरात मीठ जास्त पडलं तर ते तिला तिच्या चुलीवरून कळतं. तिने ताट बघितलं आणि म्हणाली, ‘अगंबाई! नदीसाठी उपास धरलाय होय त्याने?’

आणि मी ‘हो’ म्हटलं.

हे मी वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं, तुलाही नाही. मला ठाऊक होतं, वेनान्सिओ. तुझ्या मामाचं तसंच झालं होतं. पाण्याच्या पिंपाशेजारी सहा महिने बसून होता, आणि गावाने त्याला ‘खुंट’ नाव ठेवलं. पोरं त्याच्या टोपीत शेंगा टाकायची. तुला कुणी खुंट म्हणू नये म्हणून मी ‘हो’ म्हटलं. एका शब्दाचं काम, म्हटलं, दोन दिवसांत पोर उठेल. पण दिवस मावळेपर्यंत अकरा घरांच्या चुली थंड होत्या. वचन वाचणारा उपाशी, मग आपण कसे जेवायचे? रविवारपर्यंत पलीकडची दोन गावं उपासाला बसली. रेडिओवाला आला, त्याने आपल्या दाराबाहेरून बातमी दिली आणि मी त्याला कॉफी पाजली. म्हाताऱ्या लिसांद्रोने आयुष्यात एक जेवण चुकवलं नव्हतं, तोसुद्धा पोटावर दोर आवळून ‘मी संत व्हायच्या वाटेवर आहे’ म्हणत फिरत होता. तुला मी तेवढं साखरपाणी चमच्याने पाजत होते, दार लावून.

नवव्या दिवशी न्यायाधीशाने कंपनीचं काम थांबवलं. घंटा वाजली, फटाके उडाले. चौघांनी तुला खुर्चीसकट खांद्यावर उचललं आणि नदीवर नेलं. ‘हसा की पाद्रीबुवा!’ असं कुणीतरी ओरडलं. वरून तू माझ्याकडे बघितलंस. पोरा, ती नजर मी विसरले नाही. विहिरीत पडलेलं माणूस वर बघतं, तसा बघत होतास. आणि मी काय केलं? पुढे होऊन तुझी कॉलर नीट केली.

ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी तू भरदुपारच्या बसने गेलास. माझ्या हातात आशीर्वादाची झावळी होती, तीच हलवून तुला निरोप दिला. मावसबहिणीने तुला तिथल्या डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या चालू झाल्या, एवढं कळलं. इकडे गावाने चर्चच्या भिंतीवर तुला रंगवलं, खुर्चीत, डोक्यामागे संतांसारखं पिवळं वर्तुळ. दरवर्षी राखेच्या बुधवारनंतर नऊ दिवस उपास करायचा असंही ठरवून टाकलं. मी त्या भिंतीवरून जाताना दुसरीकडे बघायची.

आता ओदिलियाचं सांगते. तू गेल्यावर वचन वाचायला तीच पुढे झाली, आठवते ना, दातांत फट असलेली, सतत खिदळणारी? तिच्या दारातही तीच रांग लागली. तिलाही धमकीच्या चिठ्ठ्या आल्या. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे बियाणं आणायला गेले, तर तिची आई ताट घेऊन बाहेर येत होती. कालवणावर तीच कातडी. आणि अंगणात चोना! म्हणते कशी, ‘ही तर वेनान्सिओच्याही पुढे गेली, उपासाला अजून पंधरा दिवस आहेत आणि हिने आत्ताच सुरू केला.’ तिची आई तोंड उघडून ‘हो’ म्हणणारच होती. मी ते ताट तिच्या हातातून काढून घेतलं आणि म्हटलं, ‘चोना, घरी जा.’

त्या रविवारी प्रार्थना झाल्यावर मी उभी राहिले. सत्तर वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, ‘वेनान्सिओने उपास केला नव्हता. त्याला गिळत नव्हतं. तो आजारी होता आणि मी खोटं बोलले.’ मग चोनाच बोलली, ‘म्हणजे नऊ दिवस आम्ही उपाशी मेलो ते कशासाठी गं?’ लिसांद्रो म्हणाला, ‘ते राहू दे. न्यायाधीशाला कुणी कळवू नका म्हणजे झालं.’ लोक हसले, आणि मला वाटलं, संपलं, आता सगळे तुलाही हसणार. पण तोमासा उठली. अन्सेल्मोची बायको वर्षभरात कुणासमोर रडली नव्हती. ती म्हणाली, ‘मलाही गिळत नाही. रोज सकाळी तोंडात घास घेते आणि बाहेर जाऊन थुंकते. मला वाटायचं, मी एकटीच अशी.’ मग मागून कुणीतरी म्हणालं, मला झोप नाही. दुसरं म्हणालं, मला मोटरसायकलचा आवाज आला की लघवी होते. हे कोण बोललं ते लिहीत नाही, पण तू त्याला चांगला ओळखतोस आणि तो आपल्यातला सगळ्यात धिप्पाड आहे.

सगळं काही ठीकठाक झालं असं समजू नकोस. दोन जण रागाने उठून गेले, आपल्या नावाला बट्टा लावला म्हणाले. उपास करायचा की नाही यावरून अजून भांडण चालू आहे. पण ओदिलियाला तोमासा बसने दवाखान्यात घेऊन जाते, आणि स्वतःलाही तपासून घेते. रविवारी आता सहा जण आळीपाळीने वाचतात. लिसांद्रो वाचतो तेव्हा देवालाही काही कळत नसेल. त्यानेच भिंतीवरच्या तुला चुना फासायला घेतला. अर्ध्यात चुना संपला. आता तिथे फक्त तुझे पाय आणि चपला उरल्यात. जाता-येता लोक त्या चपलांना ‘काय वेनान्सिओ, कसा आहेस?’ असं विचारतात. माझं ऐकशील तर तेवढं राहू द्यावं.

नोव्हेंबरात तू एक ओळ पाठवली होतीस: ‘माय, मी उपास केलाच नव्हता, पण हे कुणाला सांगू नकोस.’ ती चिठ्ठी मी गाण्यांच्या वहीत ठेवली आहे, घडीवर घडी घालून. तुझा शब्द मी मोडला, पोरा. सगळ्या गावासमोर मोडला. तुला विचारायलाही थांबले नाही, कारण थांबले असते तर ओदिलियाचं ताट रोज तसंच परत आलं असतं. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून हे पत्र. तू रागावलास तर तुझा हक्क आहे. पण यावंसं वाटलं तर ये. वाचायला नको, खुर्चीत बसून नदीवर जायला नको, आलास तसा परत गेलास तरी चालेल. मी तुझ्यापुढे ताट ठेवीन. ते रिकामं आलं तर देवाचे उपकार. भरलेलं परत आलं, तर मी ते घेऊन अंगणात येईन, चोना असेलच उभी, विचारेलच ती. आणि मी सांगेन, ‘त्याला आज जेवण जात नाही.’

चुलीपाशी वाट बघणारी,
तुझीच
तोरिबिया माय