ताण घेऊ नकोस

४ जून

चि. पिटुकलीस,
अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र का, ते आधी सांगतो. आमच्या दोन खोल्यांत कितीही कुजबुजलं तरी तुझ्या वहिनीला ऐकू जातं, आणि तिला हे कळायला नको. उत्तर डेपोच्या पत्त्यावर पाठव.

दोन महिने झाले, माझी मान डावीकडे वळत नाही. हनुवटी शर्टाच्या खिशाच्या पुढे सरकत नाही. आरशांवर भागवत होतो. सोमवारी उन्हाळी शिबिराची मुलं सोडून शाळेच्या आवारात बस मागे घेताना आरसा रिकामा दिसला. तेवढ्यात गाडीतल्या मदतनीस बाईंनी पत्र्यावर धाडधाड हात मारला. उतरून पाहतो तर मागच्या डाव्या चाकापासून हातभर अंतरावर दुसरीतली एक मुलगी खाली बसून बुटाची नाडी बांधत होती. माझ्याकडे बघून हसली. तिला काहीच कळलं नव्हतं.

तीन जुलैला चालकांची तपासणी आहे. त्यात मान अडली तर सव्वीस वर्षांची नोकरी गेली. अडली आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही, तर त्याहून वाईट. तू रोज इस्पितळात लोकांचे सांधे मोकळे करतेस, मलाही काही सांग.

तू लिहिशील तसं करीन, एवढं लहानपणी तुझं ऐकलं असतं तर आई खूष झाली असती.

तुझा,
दादा

९ जून

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पहिली गोष्ट: उद्यापासून बस चालवायची नाही. डेपोत खिडकीवर बसायचं काम माग. दुसरी: डॉक्टरांना दाखव. हाताला मुंग्या येतात का, बोटं बधिर होतात का, हे त्यांना न लपवता सांग.

त्यांनी होकार दिला तर मानेवर कोमट टॉवेल ठेव, दहा मिनिटं. मग खांदे सैल सोडून मान सावकाश डावीकडे वळव. ताण जाणवला की तिथेच थांब, श्वास चालू ठेव, वीसपर्यंत मोज आणि हळूच परत ये. असं तीनदा, दोन्ही बाजूंना. ओढ जाणवली पाहिजे, कळ नको. झटका तर नकोच. आणि केस कापायला गेलास की मान मोडून घेतोस, ते बंद.

मुख्य म्हणजे, <u>तपासणी होईपर्यंत अजिबात ताण घेऊ नकोस.</u>

वहिनीला सांगून टाक, असं माझं मत. मोठ्या भावावर हुकूम सोडल्याबद्दल रागावू नकोस, माया तेवढीच ठेव.

तुझी,
पिटुकली

२४ जून

चि. पिटुकलीस,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांना दाखवलं. नस दबलेली नाही, स्नायू आखडलेत म्हणाले, आणि तुझ्या व्यायामाला होकार दिला. बस सोडली. पाठ धरली असं खोटं सांगून खिडकीवर पास देत बसतो. घरून मात्र रोज चालकाच्याच गणवेशात निघतो.

तुझं सगळं पाळतोय. तू खाली दोन रेघा मारून बजावलं होतंस, म्हणून या पंधरा दिवसांत ताण एकदाही घेतला नाही. टॉवेल ठेवतो आणि पुतळ्यासारखा बसतो. व्यायाम तपासणीनंतर सुरू करायचा, हे लक्षात आहे. पण मान आणखीच आखडली गं. आता डावीकडे बघायला अख्खं वळावं लागतं. नऊ दिवस राहिले. खिडकीसमोर कुणाच्याही बुटाची नाडी सुटलेली दिसली तरी घाम फुटतो.

काही चुकतंय का माझं? लवकर लिही, वाट पाहतोय.

तुझा,
दादा

२७ जून

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अरे देवा! दादा, तो ताण म्हणजे काळजी! काळजी करू नकोस, एवढंच म्हणायचं होतं. मानेला ताण द्यायचाच होता, पहिल्या दिवसापासून. हसू येतं आणि रडूही. चूक माझी आहे, दोन वेगळे शब्द वापरायला हवे होते.

आता घाबरून भलतं काही करू नकोस. पंधरा दिवसांचं काम सहा दिवसांत होत नाही, ओढाताण केलीस तर स्नायू फाटेल. साहेबांना खरं सांग आणि तपासणीची पुढची तारीख माग. माझी शपथ आहे.

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे, आणि मलाही.

तुझी,
पिटुकली

१२ ऑगस्ट

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

गणवेश मी धुते, खिसेही मीच उलटे करते. तुमचं पहिलं पत्र मी आलं त्याच दिवशी वाचलं होतं. ती रेघा मारलेली ओळ वाचून हे पुतळा झाले, तेही कळलं होतं. पण सांगणार कसं? चोरून पत्र वाचल्याचं उघड झालं असतं. म्हणून यांचा चहा डावीकडे ठेवायला लागले, हाकही डावीकडून मारायची. तर हे खुर्चीसकट वळायचे!

तुमचं दुसरं पत्र आलं त्या संध्याकाळी मी भाजी घेऊन घरात शिरले. पाहते तर यांनी टॉवेल खिडकीच्या गजाला बांधला होता, दुसरं टोक हनुवटीला अडकवून मान ओढत होते. चेहरा लालबुंद. माझ्या तोंडून निघून गेलं, की झटका नको असं वन्संनी लिहिलंय ना! यांनी हनुवटी सोडवली. टॉवेल गजाला लोंबत राहिला.

यांनी खाली बसून मला त्या मुलीचं सांगितलं. वाचलं होतं मी, पण यांच्या तोंडून ऐकताना मीही भाजीची पिशवी ठेवून शेजारी बसले. दुसऱ्या दिवशी यांनी साहेबांना खरं कारण लिहून दिलं. साहेब खूप चिडले, पण तारीख पुढची मिळाली.

तेव्हापासून दिवसातून तीनदा वीस आकडे मी मोजते. मी मुद्दाम हळू मोजते, ही यांची तक्रार. काल तपासणी झाली. हनुवटी खांद्यापर्यंत जाते आता. उद्यापासून पुन्हा बस. मदतनीस बाई मागे उभ्या राहून खूण करेपर्यंत गाडी मागे घेणार नाही, असं यांनी ठरवलंय. तरी उद्या घंटा होईपर्यंत माझा जीव काही भांड्यात पडायचा नाही.

आज घाईत मी चहा उजवीकडे ठेवला. यांनी कप उचलून डावीकडे ठेवला, सावकाश वळले आणि तिथेच थांबून खाली, मागे बराच वेळ बघत राहिले. मागे नुसती भिंत होती. मग प्यायले.

माया आहेच, ती राहू द्या. पुढचं पत्र मात्र दोघांच्या नावाने घरीच पाठवा.

तुमची,
वहिनी