फलकाखालचे दोन टक्के

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
भातखाचर सुधार अभियान,
विभागीय कक्ष, पेण, जि. रायगड.

विषय: मौजे गडब येथील माझ्या खाचरात उभारलेल्या फलकावरील मजकूर दुरुस्त करणेबाबत (अर्ज दुसरा).

संदर्भ: १) माझा दि. १८ ऑगस्टचा अर्ज.
२) त्यावर आपले दि. २९ ऑगस्टचे उत्तर.
३) दि. ९ सप्टेंबरच्या शिवारफेरीत मी भाषण करावे, असे आपले पत्र.

महोदय,

मी कृष्णाबाई केरू कोठेकर, वय एकसष्ट, राहणार गडब, भातशेती करते. आपले उत्तर पोहोचले. माझी सून समीक्षा हिने ते मला दोनदा वाचून दाखवले, तिसऱ्यांदा वाचायला ती तयार होईना. हा अर्जही तिनेच लिहिला आहे. यातली कार्यालयीन भाषा तिची आणि म्हणणे माझे आहे.

१. वस्तुस्थिती अशी की, दि. २५ जुलै रोजी अभियानाचे मार्गदर्शक श्री. सुजय घासे यांनी माझ्या पाच गुंठ्यांच्या खाचरात पाणतणावर तणनाशक फवारण्याचे प्रात्यक्षिक घेतले. बाटलीसोबतच्या कागदात स्वच्छ लिहिले होते की आधी खाचरातले पाणी काढावे, तणाची पाने उघडी पडू द्यावीत आणि मग फवारावे. परंतु माझ्या वरच्या अंगाला चार खाचरे आहेत आणि त्या सगळ्यांचे पाणी माझ्यातूनच खाली जाते. जुलैत ते थांबवणे माझ्या हातात नाही, आपल्या तर नाहीच. तरीही तारीख ठरलेली होती, म्हणून पोटरीभर पाण्यात फवारणी उरकण्यात आली. अर्ध्या तासात पाऊस कोसळला. तण न्हाऊन निघाले आणि जोमाने वाढले.

२. दि. १० ऑगस्ट रोजी फलक आला. त्यावर माझे नाव आणि खाली, "तणनाशकाद्वारे पाणतण नियंत्रण: यश ९८ टक्के." त्या दिवशी खाचरात भातापेक्षा तणच जास्त दिसत होते. हा आकडा कोणी आणि कधी मोजला, असे मी विचारले. श्री. घासे यांनी खरे ते सांगितले. गणपतीच्या हंगामात पेणमध्ये रंगारी मिळत नाही, सगळे मूर्तींना बसलेले असतात, म्हणून कार्यालयाने फलक जूनमध्येच रंगवून घेतला होता. म्हणजे यश महिनाभर आधी तयार होते, फक्त तण मरायचे राहिले होते.

३. दि. ११ रोजी सकाळी श्री. घासे माझ्या अंगणात येऊन उभे राहिले. "मावशी, उद्या सायेब लोक येनार. ह्या बघितला तर माझी नोकरी नाय ऱ्हायची." मला त्यांची दया आली. शिवाय तण काढायचे होतेच, बेणणीला आधीच उशीर झाला होता. आम्ही अकराजणी एकमेकींच्या खाचरात पाळीपाळीने बेणणी करतो. सकाळी सातला वाकलो ते दुपारी तीनला पाठ सरळ केली. एकेक तण मुळासकट उपटून बांधावर टाकले. पाण्यात एकही सोडले नाही, कारण पाण्यात सोडलेले तण खालच्या खाचरात जाऊन पुन्हा रुजते.

४. एवढाच भाग राहिला: फलकाच्या पायथ्याशी खाचराचा कोपरा, पाच-सहा पावले लांब, तीन पावले रुंद. सिमेंट ओले होते आणि भोवती दोरी बांधली होती. श्री. घासे यांनी आत पाय ठेवू दिला नाही. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याचे पाहुणे आले. एका साहेबांनी तो कोपरा पाहिला आणि अठ्ठ्याण्णव म्हणजे अठ्ठ्याण्णवच, आकडा किती प्रामाणिक आहे, असे सर्वांसमोर कौतुक केले. मला शाल आणि प्रशस्तिपत्र मिळाले. फोटोच्या वेळी बायांना जरा बाजूला व्हायला सांगितले, आणि ज्यांच्या नखांत अजून माझ्या खाचराचा चिखल होता त्या बाजूला झाल्या. मी शाल पांघरून गप्प उभी राहिले. त्याची मला लाज वाटते. हे मी कोणी विचारले नसताना लिहून देत आहे.

५. ती लाज धुऊन काढावी म्हणून मी पहिला अर्ज केला. आपण उत्तर दिलेत की, "तपासणी अहवालानुसार सदर क्षेत्रात तण आढळून आले नाही. सबब तण नसल्याने ते हाताने काढण्याचा प्रश्न उद्भवत नाही." सोबतच्या अहवालात "उपस्थित प्रेक्षक महिला: ११" अशी नोंद आहे. महोदय, आठ तास वाकून काही बघण्याची आमच्याकडे पद्धत नाही. शिवाय अकरापैकी एक मी. माझ्याच शेतात मी प्रेक्षक कशी झाले, याचा खुलासा व्हावा.

६. आता ९ तारखेला वरसे आणि रोह्याकडचे साठ शेतकरी माझ्या बांधावर येणार आहेत. त्यांतले बरेच धाटावच्या कारखान्यांत शिफ्ट करून शेती सांभाळतात. बेणणीला त्यांना वेळ नसतो आणि बाया मिळत नाहीत. आपण पाठवलेल्या भाषणात "मला आता बेणणीची गरज उरलेली नाही" असे वाक्य माझ्या तोंडी घातले आहे. ते माझ्या शब्दावर विसंबतील, पुढल्या वर्षी भरल्या पाण्यात फवारतील आणि बेणणी सोडून देतील. मग भाद्रपदात त्यांना तणात भात शोधत बसावे लागेल. औषध वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. जिथे पाणी काढता येते तिथे ते चालत असेल. माझ्या खाचरात ते चाललेले नाही. सबब ते वाक्य मी म्हणणार नाही. आदेश पुन्हा आला तरी म्हणणार नाही.

७. पुराव्याबाबत: तो फलकाखालीच आहे. त्या कोपऱ्यात फक्त आपली फवारणी झाली, आमचा हात लागला नाही. तिथले तण आज कमरेला लागते आणि त्याला निळी फुले आली आहेत. आठ-दहा दिवसांत बी धरेल. माझ्या खालच्या अंगाला सलीमाचे खाचर आहे. ती आमच्या अकराजणींपैकीच. बी पडले तर पाण्याबरोबर तिच्याकडे जाणार, म्हणून पुरावा गेला तरी चालेल, तण काढून टाकू, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे गो कृष्णाबाय. बी आलाच तर माज्या खाचरात येल. मी काढीन." त्यानंतर सोबत जोडलेली एक जुडी सोडता मी त्याला हात लावलेला नाही आणि कार्यालयातर्फेही कोणी लावू नये. आम्ही आळीपाळीने बांधावर बसून असतो.

८. तरी विनंती की, दि. ८ पर्यंत फलकावर "तणनाशकाद्वारे" हा शब्द खोडून "खालील अकराजणींच्या हाताने" असे लिहावे. नावे सोबत जोडली आहेत. रंगारी आता मोकळे झाले असतील.

हे न झाल्यास मी ९ तारखेला हजर राहीन आणि बोलेनही. साठ शेतकऱ्यांना आधी तो कोपरा दाखवीन, नंतर उरलेले खाचर. मग त्यांच्या देखत आम्ही अकराजणी दोरी ओलांडून ते तण मुळासकट उपटू. त्यानंतर फलकावरच्या अठ्ठ्याण्णवचे शंभर करून घ्यावे, आमची हरकत नाही.

आजच्या तारखेपर्यंत आपली नम्र,
कृष्णाबाई केरू कोठेकर
(सही स्वतःची)
गडब, दि. ३ सप्टेंबर २०२५

सोबत:
१. अकराजणींची नावे, सह्या व अंगठे.
२. प्रशस्तिपत्र व शाल (परत).
३. फलकाखालील तण, मुळांसह, एक जुडी. ओली आहे. पोहोच द्यावी आणि पाण्यात ठेवू नये, रुजेल.