गहिनीनाथ कोण?

१२ जानेवारी

कोपऱ्यातलं जातं बाहेर निघालं! का, तर संगमनेरच्या कॉलेजातली अफ्रीन येणार आणि आमच्या भामाबाईच्या जुन्या ओव्या मोबाईलमध्ये भरून नेणार. बेलापुरात गिरणी आल्यापासून त्या जात्याला कोणी हात लावला नव्हता. आज ही सरावाला बसली. मी चहा पीत ऐकत होतो —

पहाटेच्या दळणाला कशी येईल मला झोप,
डोळ्यांपुढं बाई माझ्या गहिनीनाथाचं गं रूप

गहिनीनाथ?? कोण हा?

सरळ विचारलं. तर ही बया लाजली! चौसष्टाव्या वर्षी! "तुमी बी ना, काय बी इचारता," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत पळाली.

१३ जानेवारी

डोळा लागला नाही. जन्मभर मी शुगर फॅक्टरीत रात्रपाळ्या केल्या. मी तिकडं, ही इकडं पहाटे गात होती. कोणासाठी?

१४ जानेवारी

हिच्या माहेरी, सुपे गावी फोन लावला, हिच्या भावाला. "वैजनाथ, तुमच्या गावात गहिनीनाथ कोण?"

"लई हायेत दाजी! तुमाला कंचा पायजे?"

फोन आपटला.

आत्या असती तर तिला विचारलं असतं. मी रांगत होतो तेव्हाच आई गेली. मला वाढवलं आत्यानं, भामाला जात्यावर बसवलं तेही तिनंच. हिची सगळी गुपितं तिला माहीत असणार.

१५ जानेवारी

अफ्रीन येऊन गेली. मी मुद्दाम मळ्यात जाऊन बसलो. परत आलो तर भामाचा चेहरा कसा खुललेला! डोकंच फिरलं. जात्याचा खुंटा उपटला आणि गोठ्यात कडब्याखाली खुपसला. गा म्हणावं आता!

१७ जानेवारी

"खुंटा कुठं हाय?"

"मला काय माहीत!"

तेव्हापासून बोलत नाही. भांडी घासतानाही गुणगुणत नाही. घर खायला उठलंय. उठू दे!

२० जानेवारी

अफ्रीननं भामाचं सगळं रेकॉर्डिंग मोबाईलवर पाठवलं. गोठ्यात जाऊन ऐकलं. गहिनीनाथाची ओवी संपते, मग भामा बोलते — "ही ववी माज्या सासूबाईंची. म्या काय त्यांना बघितलं न्हाई. आत्याबाईंनी शिकवली. लेकरू रांगत हुतं तवा त्या गायच्या. पाळन्यातलं नाव हाय ते. पुढं घरातली हाकच मास्तरनं शाळेत नाव म्हनून लावली."

अफ्रीन विचारते, "म्हणजे गहिनीनाथ कोण, आजी?"

भामा हसते. "आता मालकाचं नाव तोंडानं कसं घ्यावं? ववीत चालतंय."

पुन्हा लावलं. पुन्हा. आईचा फोटो नाही, काहीच नाही माझ्याकडं. आणि मी तो खुंटा कडब्यात पुरून ठेवला!

२१ जानेवारी

खुंटा ठोकून बसवला. भामाला म्हणालो, आई मला काय म्हणायची, ते पुन्हा म्हण.