कोरडे तांदूळ

दादा, तुमच्या पणतीला मोठमोठे पोलीस साहेब उठून नमस्कार करतात. या डोळ्यांनी बघून आले. लातूरला माझी ही नात शिकवती, आन् शिकायला बसतात ते अधिकारी लोक, कुणाला टक्कल पडलेलं, कुणी आजोबा झालेला. हाताखालची माणसं कशी सांभाळायची, आन् एखादी जुनी रीत खरंच लागू पडती का, ते पुराव्यानं तपासल्याबिगर ती वापरायची न्हाई, असलं सगळं. मला तिसरीच्या पुढं शाळा न्हाई, काय कळायचं. पर ती बोलताना सगळे माना खाली घालून लिहून घेत होते, ते बघून लई गोड वाटलं. चहाबी आला, बिनसाखरेचा. ते जाऊ द्या.

तिनंच नेलं होतं. "आजी, तुझ्या वडलांची तांदळाची गोष्ट सांग माझ्या वर्गात." मी नवं लुगडं नेसून गेले आन् सांगितली. मुदखेडला तुम्ही पोलीस जमादार असताना लग्नघरातनं चांदीचा करदोडा गेला. तुम्ही काठी उचलली न्हाई. कामाला आलेल्या सगळ्यांना ओळीनं बसवून चिमूट चिमूट कच्चे तांदूळ चावून हातावर काढायला लावले. ज्याच्या मनात चोरी, त्याच्या तोंडाला कोरड. सगळ्यांचे ओले निघाले, कल्हईवाल्या चाचांचे पिठासारखे कोरडे. ही गोष्ट मी जन्मभर मिरवली, लेकरांना जेवू घालताना, सोयऱ्याधायऱ्यांत. साहेब लोक हसले. एकानं टाळी वाजवली.

मग पोरगी म्हणाली, "आजी, करदोडा सापडला का त्यांच्याकडं?"

दादा, हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. मी बी स्वतःला न्हाई. "न्हाई सापडला," मी म्हणाले. चाचांची पेटी उपसली, भट्टीची राख चाळली, काही निघालं न्हाई. "मग त्यांचं काय झालं?" काय व्हायचं. गावानं भांडी देणं बंद केलं, बायकापोरं घेऊन ते निलंग्याकडं गेले म्हणतात. पुढं कल्हईबिगर आपल्या पितळी पातेल्यात आमटी कळकायला लागली, तेव्हा आई भाकर थापता थापता म्हणाली होती, "तुम्ही समोर बसलात की माझ्याबी तोंडाला कोरड पडती. मी काय चोरलंय?" तुम्ही हसलात, म्हणून आम्हीबी हसलो. आईचे हात थांबलेले मला आत्ता दिसून राहिलेत.

वर्गात आता कुणी हसत नव्हतं. पोरीनं पिशवीतनं तांदूळ काढले आन् सगळ्यांना वाटले. एका मिशाळ साहेबाच्या कानात आधीच सांगून ठेवलं होतं, त्याची तक्रार वरच्या साहेबांना कळवणार हाय म्हणून. त्याचेच कोरडे निघाले. "मॅडम, काही केलं नसताना घाम फुटला की," तो म्हणाला, आन् सगळे त्याला चिडवायला लागले. "बघा," पोरगी म्हणाली, "तांदूळ भीती दाखवतात, चोरी न्हाई." मला तिचा असा अभिमान वाटला, आन् त्याच दमात असं वाटलं की कुठंतरी तोंड लपवावं.

मलाबी चिमूटभर दिले होते. चावत होते, पर जीभ टाळूला चिकटलेली. वर्गात बसलेली मी एकटीच तुमची लेक. पोरगी एकेकाचे बघत माझ्याकडं आली, "आजी, तुझे दाखव." मी खोकल्यासारखं केलं, पदराआड बाटलीतलं पाणी घोटभर घेतलं आन् मग हातावर काढले. तिनं फळ्यावर "आजी" लिहिलं, ओल्यांच्या रांगेत.

चाचांना कुणी घोटभर पाणी दिलं नव्हतं, दादा.

हा कागद कुठं धाडायचा न्हाई, गादीखाली ठेवीन. पोरगी शेजारच्या खोलीत पेपर तपासत बसलीय. तिच्या फळ्यावर एक खोटा पुरावा हाय, तो माझा. तिला हाक मारायला दोनदा तोंड उघडलं. अजून कोरडंच हाय.