थांब म्हणणारी वाट

४ जानेवारी
मॉडेल आजही अडलंय. मेंदूच्या तळाशी दोन वाटा — एक म्हणते ‘कर’, दुसरी म्हणते ‘थांब’. दोघींच्या भांडणातून ठरतं, हात उचलायचा की नाही. माझ्या कॉम्प्युटरवर दोघी सारख्याच हट्टी. काहीच ठरत नाही. दिवस फुकट.

९ जानेवारी
बाबांचा फोन! मी डॉक्टरकी अर्धवट सोडून ‘उंदरांच्या डोक्यांची गणितं’ मांडायला लागले तेव्हापासून आमचा अबोला. आणि आज एकदम, “जेवलीस का?” हो म्हटलं. जेवले नव्हते.

२० जानेवारी
आता रोज फोन येतो. आई खूश. “बाबांना कंपवाताची नवी गोळी लागू पडली बघ. हात थरथरत नाही, चेहराही खुललाय.”

२ फेब्रुवारी
घरी जाऊन आले. बाबा सगळ्यांनाच हो म्हणतात. दारावर येईल त्याच्याकडून काहीतरी घेतात. दोन पिंजरे घेतलेत, पक्षी एकही नाही. मी हसले, आई हसली नाही. परवा ते लाल दिवा असताना सरळ रस्त्यात उतरले — तिने शर्ट धरून मागे ओढलं म्हणून वाचले.

३ फेब्रुवारी
मॉडेलमध्ये डोपामाइन हे रसायन वाढवून पाहिलं. बाबांची गोळी मेंदूत तेच काम करते. ‘थांब’ची वाट पार दुबळी झाली. मनात येईल ते हातून घडणार — पिंजरा, रस्ता. आणि फोन. तोही त्यातलाच, दुसरं काय!
मॉडेल पहिल्यांदाच नीट चाललं. शेजारच्या टेबलावरच्याने अभिनंदन केलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

५ फेब्रुवारी
बाबांच्या डॉक्टरांना हे सगळं सांगायला हवं. सांगितलं की गोळी कमी करणार, आणि माझा फोन बंद. आई म्हणते, “माणूस आत्ता कुठे बोलायला लागलाय गं. राहू दे ना थोडे दिवस.” पण तो रस्ता डोळ्यांपुढून जात नाही.

६ फेब्रुवारी
सांगितलं.

२८ फेब्रुवारी
गोळी निम्म्यावर आली. खरेदी थांबली. फोनही थांबला. मीही केला नाही. बोलत होती ती गोळी, बाबा नव्हेत — मग फोन कुणाला करायचा? नुसती चिडचिड होते. चहाही कडू लागतो.

११ मार्च
आईपाशी बोलून गेले, “गोळीमुळेच बोलत होते ना माझ्याशी.”
“गोळीमुळे? पहिला फोन केला तेव्हा गोळी घेतच नव्हते. बाटली कपाटात तशीच पडलेली. म्हणाले, आधी पोरीशी बोलतो, मग काय ती गोळी घेईन. हात इतका थरथरत होता, नंबर मी लावून दिला. आताही विचारते, लावून देऊ का? तर म्हणतात, नको. तिनेही केला नाही ना.”